समुद्रापासून किंवा जमिनीपासून सर्वांत दूरचे ठिकाण कसे शोधून काढावे

पृथ्वीवरील सर्वांत दुर्गम ठिकाण कोणते, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मात्र प्रश्न नीट बांधून घेतला तर त्याचे उत्तर गणिताने काढता येते. एखाद्या खंडातील समुद्रापासून सर्वांत दूरच्या, किंवा महासागरातील जमिनीपासून सर्वांत दूरच्या बिंदूला भूगोलात दुर्गमता ध्रुव म्हणतात. असा बिंदू संगणकावर, आणि प्राथमिक अंदाजापुरता साध्या पृथ्वीगोलावरही, कसा शोधावा हे येथे सांगितले आहे. या कामातील आकडेमोड फारशी अवघड नाही. अवघड असतात ते तिच्याआधी करावे लागणारे निर्णय, आणि प्रसिद्ध झालेल्या उत्तरांमध्ये आढळणारा फरक बहुतेक वेळा त्या निर्णयांतूनच येतो.

आधी ठरवावे : कशापासून दूर?

जमिनीपासून दूर आणि माणसांपासून दूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटलांटिक महासागराच्या दक्षिण भागातील ट्रिस्टन द कुन्हा हे सर्वांत एकाकी वसलेले बेट मानले जाते, कारण तेथून सर्वांत जवळची वस्ती सेंट हेलेना बेटावर, सुमारे २,४३७ किलोमीटरवर आहे. परंतु ते स्वतःच जमीन असल्यामुळे ‘जमिनीपासून दूर’ या प्रश्नात त्याला स्थानच नाही. उलट, दक्षिण प्रशांत महासागरातील पॉइंट नेमो, म्हणजे जमिनीपासून सर्वांत दूरचा सागरी बिंदू, ज्या तीन बेटांपासून मोजला जातो त्यांपैकी एकावरही कोणी राहत नाही. प्रवासाला लागणारा वेळ हे तिसरे माप घेतले तर उत्तर आणखी वेगळे येते, कारण त्यात अंतरापेक्षा रस्ते, चढ आणि नद्या यांचे वजन जास्त असते. या लेखात सरळ भौगोलिक अंतराचाच विचार केला आहे.

दुसरा निर्णय किनाऱ्याचा. नकाशावरील किनारारेषा बहुधा भरतीच्या रेषेला धरून काढलेली असते, पण नदीमुख कोठे संपते आणि समुद्र कोठे सुरू होतो हे ठरवण्याचा सर्वमान्य नियम नाही. ब्रिटनमध्ये समुद्रापासून सर्वांत दूरचे ठिकाण डर्बीशरमधील कोटन इन द एल्म्स या गावाजवळ, किनाऱ्यापासून सुमारे ११३ किलोमीटरवर धरले जाते; भरतीचे पाणी नद्यांमधून जेथपर्यंत चढते तेथपर्यंत समुद्र मानला तर हे उत्तर टिकणार नाही. खाऱ्या पाण्याच्या मोठ्या सरोवरांना समुद्र मानायचे की नाही, बर्फाच्या तरंगत्या थराला जमीन मानायचे की नाही, लहान खडक बेटांत धरायचे की नाही, या प्रश्नांची उत्तरे आकडेमोड सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवावीत. निकाल हाती आल्यावर व्याख्या बदलण्याचा मोह फार होतो.

किनाऱ्याची माहिती निवडणे

किनारारेषेचे तीन विनामूल्य संच सहज मिळतात. ‘नॅचरल अर्थ’ हा संच हलका आणि वापरायला सोपा आहे, पण त्याच्या सर्वांत स्थूल आवृत्तीत लहान बेटे गाळलेली असतात. ‘जीएसएचएचजी’ हा संच पाच पातळ्यांच्या तपशिलात उपलब्ध असून त्यात महासागराचा किनारा, सरोवरे आणि सरोवरांतील बेटे वेगवेगळी नोंदवलेली आहेत. शिवाय अंटार्क्टिकासाठी तरंगत्या बर्फाची कड आणि बर्फ जमिनीवर टेकतो ती रेषा अशा दोन किनारारेषा त्यात स्वतंत्रपणे दिल्या आहेत, ही या कामासाठी मोठीच सोय आहे. ‘ओपनस्ट्रीटमॅप’वरून घेतलेली किनारारेषा सर्वांत तपशीलवार असते, मात्र तिचा आकार मोठा असल्यामुळे साधा संगणक अडखळतो.

किनारा जितका बारीक तितके उत्तर अचूक, असे अनेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. समजा, किनाऱ्यावरील नोंदवलेले बिंदू एकमेकांपासून १० किलोमीटर अंतरावर आहेत आणि आपला बिंदू २,५०० किलोमीटर दूर आहे. दोन नोंदींच्या मधला किनारा सरळ असल्यास, फक्त नोंदवलेल्या बिंदूंपासून अंतर मोजल्याने येणारी चूक जास्तीत जास्त सुमारे ५ मीटर भरते. म्हणजे नोंदी विरळ असल्याने बिघडत नाही. बिघडते ते एखादे बेट गाळले गेल्याने किंवा स्थूल नकाशात भूशिराचे टोक छाटले गेल्याने. पॉइंट नेमोला आधार देणारी तिन्ही बेटे इतकी लहान आहेत की स्थूल संचात ती सापडतच नाहीत, आणि तो संच वापरल्यास बिंदू भलतीकडे सरकून अंतर खोटेच वाढते. म्हणून महासागरासाठी बेटांची संपूर्ण यादी असलेला संच घ्यावा. खंडाच्या आतील भागासाठी मध्यम तपशील पुरतो, फक्त आखाते आणि खाड्या डोळ्यांखालून घालाव्यात.

पृथ्वीगोलावरील पहिला अंदाज

संगणकाकडे वळण्यापूर्वी पृथ्वीगोलावर अंदाज घेण्याची सवय चांगली. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोऱ्याचे एक टोक गोलावर धरून दुसरे टोक फिरवावे आणि कोणताही किनारा आत न येता दोरा किती लांब करता येतो ते पाहावे. दक्षिण प्रशांत महासागरात तो सुमारे ६.३ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. सपाट नकाशावर हा प्रयोग करू नये. भिंतीवरच्या सर्वपरिचित मर्केटर नकाशात ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट दिसते आणि ध्रुवाकडे ती वाढतच जाते, त्यामुळे त्यावर काढलेले वर्तुळ प्रत्यक्षात वर्तुळ राहत नाही.

संगणकावरील शोध

मूळ कल्पना अशी : प्रदेशातील प्रत्येक बिंदूला ‘सर्वांत जवळच्या किनाऱ्यापर्यंतचे अंतर’ ही एक किंमत असते, आणि ही किंमत जेथे सर्वाधिक तो बिंदू आपल्याला हवा असतो. प्रथम प्रदेशावर एकेक अंशाची जाळी टाकावी आणि प्रत्येक छेदबिंदूपासून किनाऱ्यावरील सर्व नोंदींपर्यंतची अंतरे काढून त्यांतील सर्वांत लहान अंतर ठेवावे. ज्या छेदबिंदूची किंमत सर्वांत मोठी, त्याच्याभोवती ०.१ अंशाची आणि मग ०.०१ अंशाची जाळी टाकावी. ०.०१ अंश अक्षांश म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर, आणि बहुतेक कामांसाठी एवढी सूक्ष्मता पुरेशी आहे.

हे काम फार वाढू नये यासाठी एक साधी वस्तुस्थिती उपयोगी पडते. आपण १ किलोमीटर सरकलो तर जवळच्या किनाऱ्याचे अंतर १ किलोमीटरपेक्षा जास्त बदलू शकत नाही. त्यामुळे १०० किलोमीटर बाजूच्या चौकोनाच्या मध्यबिंदूवर अंतर १,५०० किलोमीटर आले असेल, तर त्या चौकोनात कोठेही ते सुमारे १,५७१ किलोमीटरच्या वर जाणार नाही, कारण मध्यापासून कोपरा ७१ किलोमीटरवर असतो. दुसरीकडे २,४०० किलोमीटरचा बिंदू आधीच सापडला असेल तर हा संपूर्ण चौकोन डोळे झाकून सोडून द्यावा. याच तर्काने उलट बाजूची सावधगिरीही कळते : पहिल्या फेरीत फक्त अव्वल आलेला बिंदू ठेवून बाकीचे टाकू नयेत. जेवढे चौकोन या कसोटीवर बाद होत नाहीत तेवढे सर्व पुढच्या फेरीत न्यावेत, कारण दूर दूर असलेली दोन शिखरे, म्हणजे आजूबाजूपेक्षा अंतराची किंमत जास्त असलेले बिंदू, जवळजवळ सारख्याच उंचीची असू शकतात. युरेशियाच्या बाबतीत नेमके तसेच आहे, ते पुढे येईल.

ज्यांना आज्ञावली लिहायची नाही त्यांना ‘क्यूजीआयएस’ या विनामूल्य प्रणालीत या कामाचे तयार साधन मिळते. खंडाचा बहुभुज, म्हणजे त्याच्या किनाऱ्याची बंद आकृती, देताच ते हा बिंदू दाखवते. महासागरासाठी बेटांच्या जागी छिद्रे असलेला समुद्राचा बहुभुज द्यावा लागतो. पण हे साधन सपाट कागदाचे गणित करते, ही गोष्ट विसरून चालत नाही. त्यासाठी अपेक्षित बिंदू मध्यभागी ठेवून समदूर दिगंशी प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची एक रीत) निवडावे. या प्रक्षेपणात केंद्रापासूनची सर्व अंतरे खरी असतात, इतर कोणत्याही बिंदूपासूनची नसतात. म्हणून आलेले उत्तर हेच नवे केंद्र मानून पुन्हा साधन चालवावे, आणि बिंदू किलोमीटरभरही हलेनासा होईपर्यंत हीच कृती करत राहावी. बहुधा दोन-तीन फेऱ्यांत तो स्थिरावतो.

अंतर मोजताना : गोल की लंबगोल?

अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढण्याचे हॅव्हरसाइन सूत्र साध्या तक्त्यातही बसते, पण ते पृथ्वीला अचूक गोल धरते. प्रत्यक्षात विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७८ आणि ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. हा फरक किती महत्त्वाचा ठरतो ते पॉइंट नेमोवरच तपासू.

हा बिंदू १९९२ साली ह्र्वोये लुकातेला या क्रोएशियन-कॅनेडियन सर्वेक्षण अभियंत्याने संगणकावर काढला. त्याचे स्थान ४८° ५२.६′ दक्षिण, १२३° २३.६′ पश्चिम असे असून उत्तरेला पिटकेर्न समूहातील ड्युसी, ईशान्येला ईस्टर बेटाला लागून असलेले मोटू नुई आणि दक्षिणेला अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळचे माहेर ही तीन बेटे त्यापासून प्रत्येकी सुमारे २,६८८ किलोमीटरवर आहेत. आता ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरून तीच अंतरे काढली तर ड्युसी सुमारे २,६९३, मोटू नुई सुमारे २,६९२ आणि माहेर सुमारे २,६८३ किलोमीटरवर येते. समान असायला हवी ती अंतरे १० किलोमीटरने वेगळी झाली. ध्रुवाकडे पृथ्वी किंचित चपटी असल्यामुळे तिकडे एक अंश अक्षांशाची लांबी जास्त भरते, म्हणून दक्षिणेकडचे माहेर प्रत्यक्षात गोलावरच्या हिशेबापेक्षा दूर असते आणि उत्तरेकडची दोन बेटे जवळ असतात. गोल धरून शोध घेणाऱ्याचा बिंदू त्यामुळे काही किलोमीटर उत्तरेला सरकतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की जाळीच्या पहिल्या फेऱ्यांसाठी हॅव्हरसाइन वापरावे आणि शेवटच्या फेरीत डब्ल्यूजीएस-८४ या प्रमाण लंबगोलावर अंतरे काढावीत. त्यासाठी व्हिन्सेंटी यांची १९७५ सालची पद्धत किंवा ‘जिओग्राफिकलिब’ हा आज्ञावलींचा संच वापरता येतो. दुसरा अधिक भरवशाचा आहे, कारण पहिली पद्धत पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असलेल्या बिंदूंसाठी अडकते. आपल्या कामात तसे बिंदू येत नसल्यामुळे कोणतीही चालेल.

तीन बिंदूंची कसोटी

आलेले उत्तर खरोखर शिखर आहे की वाटेतला उतार, हे तपासण्याचा उपाय सोपा आहे आणि तो टाळू नये. सर्वांत जवळचे किनाऱ्याचे बिंदू किमान तीन असले पाहिजेत, त्यांची अंतरे समान असली पाहिजेत, आणि त्यांनी आपल्या बिंदूला वेढलेले असले पाहिजे. (अगदी समोरासमोर असलेले दोन बिंदूही क्वचित पुरतात, पण प्रत्यक्ष किनाऱ्यांवर तसा योग येत नाही.) वेढलेले म्हणजे काय? तिन्हींच्या दिशांचे कोन मांडले असता कोणत्याही दोन शेजारच्या दिशांमध्ये १८० अंशांची किंवा त्याहून मोठी फट राहता कामा नये. तशी फट राहिली तर त्या मोकळ्या बाजूला पाऊल टाकून तिन्हींपासून एकाच वेळी दूर जाता येते, म्हणजेच आपण अजून शिखरावर पोहोचलेलो नाही.

पॉइंट नेमोवरून पाहिले तर ड्युसी उत्तरेपासून जेमतेम ३ अंश पश्चिमेला, मोटू नुई उत्तरेपासून सुमारे ३१ अंश पूर्वेला आणि माहेर दक्षिणेपासून सुमारे २ अंश पश्चिमेला आहे. पूर्वेकडची फट सुमारे १५० अंशांची, पश्चिमेकडची मात्र १७५ अंशांच्या आसपास. कसोटी पार झाली, पण थोडक्यात. ड्युसी आणि माहेर जवळपास समोरासमोर असल्यामुळे उत्तर-दक्षिण जागा हीच दोन बेटे घट्ट धरून ठेवतात. पूर्व-पश्चिम जागा ठरवताना मात्र एखाद्या बेटाच्या स्थानात थोडी जरी दुरुस्ती झाली तरी बिंदू त्या दुरुस्तीपेक्षा बराच जास्त सरकतो. आपल्या बिंदूच्या बाबतीतही सर्वांत मोठी फट मोजून नोंदवावी, कारण उत्तर कोणत्या दिशेने डळमळीत आहे ते तिच्यावरून लगेच समजते.

जाता जाता एवढेच, की या भागातून नौका क्वचितच जातात आणि म्हणूनच निकामी अंतराळयाने पाडण्यासाठी तो वापरला जातो. मार्च २००१ मध्ये ‘मीर’ हे अंतराळस्थानक दक्षिण प्रशांत महासागरातच उतरवण्यात आले. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते, त्यामुळे ते डोक्यावर असताना तेथील खलाशाला सर्वांत जवळची माणसे अंतराळातली असतात.

खंडांवरचा सराव

पद्धत बसली आहे की नाही हे पाहण्यासाठी आधी ज्ञात उत्तरे काढून बघावीत. ऑस्ट्रेलिया सर्वांत सोपा : २३.१७° दक्षिण, १३२.२७° पूर्व, किनाऱ्यापासून सुमारे ९२० किलोमीटर. दक्षिण अमेरिकेत ब्राझीलमधील १४.०५° दक्षिण, ५६.८५° पश्चिम येथे सुमारे १,५०४ किलोमीटर आणि उत्तर अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातील ४३.३६° उत्तर, १०१.९७° पश्चिम येथे सुमारे १,६५० किलोमीटर मिळायला हवेत. आफ्रिकेचा बिंदू ५.६५° उत्तर, २६.१७° पूर्व, सुमारे १,८१४ किलोमीटर. यांपासून आपले उत्तर पाच-दहा किलोमीटरने वेगळे आले तर चिंता नसावी. शंभर किलोमीटरने वेगळे आले तर बहुधा एखादे आखात बुजलेले असते किंवा सरोवर समुद्रात धरले गेलेले असते.

युरेशिया हा खरा परीक्षेचा विषय आहे. शिनजियांगमधील ४६° १७′ उत्तर, ८६° ४०′ पूर्व हा बिंदू फार काळ मान्य होता आणि त्याचे समुद्रापासूनचे अंतर सुमारे २,६४५ किलोमीटर सांगितले जाई. निकोलस आणि रिचर्ड क्रेन हे चुलतभाऊ १९८६ साली सायकलने तेथे पोहोचले होते. मात्र गार्सिया-कास्तेयानोस आणि लोम्बार्डो यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या गणनेत असे दिसले की जुन्या उत्तरात उत्तर सैबेरियातील ओबचे आखात समुद्र म्हणून धरलेलेच नव्हते. हे लांबच लांब आखात जमिनीत खोलवर घुसते. ते समुद्र धरताच जुना बिंदू बाद होतो आणि दोन नवे उमेदवार उभे राहतात : ४४.२९° उत्तर, ८२.१९° पूर्व आणि ४५.२८° उत्तर, ८८.१४° पूर्व. त्यांची अंतरे अनुक्रमे सुमारे २,५१० आणि २,५१४ किलोमीटर आहेत. हा फरक मोजणीतील अनिश्चिततेपेक्षा लहान असल्यामुळे दोघांतला विजेता ठामपणे सांगता येत नाही, आणि सांगूही नये.

येथे आणखी एक प्रयोग करण्यासारखा आहे. कॅस्पियनला सरोवर न मानता समुद्र मानले तर काय होते? त्याच्या ईशान्य किनाऱ्यापासून पश्चिमेकडचा उमेदवार सुमारे २,३०० किलोमीटरवरच आहे, म्हणून तो स्पर्धेतून जातो. पूर्वेकडच्या उमेदवारापासून तोच किनारा सुमारे २,७०० किलोमीटर दूर आहे, म्हणून तो जागचा हलत नाही. ज्या प्रश्नाचा निकाल अचूक अंतरमापनाने लागत नाही तो अशा व्याख्येने एका क्षणात लागतो. माझ्या मते कॅस्पियनला सरोवरच मानावे, कारण त्याचे पाणी महासागराशी जोडलेले नाही आणि त्याची पातळी सागरपातळीच्या खाली आहे. पण ज्याला उलट भूमिका घ्यायची आहे त्याने ती स्पष्ट लिहून घ्यावी.

ध्रुवप्रदेशातील अडचणी

उत्तर ध्रुवाजवळ समुद्र आहे, म्हणून तेथे प्रश्न जमिनीपासूनच्या अंतराचा. जुना बिंदू ८४° ०३′ उत्तर, १७४° ५१′ पश्चिम असा दिला जाई. नव्या माहितीवरून २०१३ साली केलेल्या गणनेत तो ८५° ४८′ उत्तर, १७६° ०९′ पूर्व येथे आला, म्हणजे २०० किलोमीटरहून अधिक सरकला. जमिनीपासूनचे त्याचे अंतर १,००८ किलोमीटर आहे. या अक्षांशावर रेखांशाची जाळी इतकी दाटते की एक अंश रेखांश जेमतेम ८ किलोमीटरचा उरतो, म्हणून येथे अंशांची जाळी न वापरता ध्रुवकेंद्री नकाशावर किलोमीटरची चौकोनी जाळी टाकावी.

अंटार्क्टिकात कोणती कड किनारा मानावी हा प्रश्न सर्वांत ठळकपणे समोर येतो. सोव्हिएत मोहिमेने डिसेंबर १९५८ मध्ये ८२° ०६′ दक्षिण, ५४° ५८′ पूर्व येथे दुर्गमता ध्रुवाचे स्थानक उभारले आणि तेथे बसवलेला लेनिनचा अर्धपुतळा २००७ साली पोहोचलेल्या मोहिमेलाही बर्फाच्या वर दिसला. स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेच्या हिशेबाने मात्र हा बिंदू ८५° ५०′ दक्षिण, ६५° ४७′ पूर्व येथे, पुतळ्यापासून ४०० किलोमीटरहून दूर आहे. तरंगते बर्फ जमिनीत धरायचे की समुद्रात, यावर येथे सगळे अवलंबून असते. तरंगत्या बर्फाची कड किनारा धरली तर मोठे हिमनग तुटल्यानंतर ती बदलते आणि उत्तरही बदलू शकते. बर्फ टेकण्याची रेषा धरली तर उत्तर तुलनेने स्थिर राहते, पण समुद्रावर तरंगणाऱ्या शेकडो किलोमीटरच्या बर्फाला समुद्र म्हणावे लागते. दोन्ही उत्तरे काढून शेजारी शेजारी द्यावीत, हाच मला प्रामाणिक मार्ग वाटतो.

निकाल कसा लिहावा

अक्षांश-रेखांशाबरोबर किनाऱ्याचा कोणता संच, कोणत्या तारखेचा आणि कोणत्या तपशिलाचा वापरला, अंतर गोलावर की लंबगोलावर मोजले, समदूर असलेले तीन किनारबिंदू कोणते, त्यांच्या दिशांमधील सर्वांत मोठी फट किती, आणि सुरुवातीला लिहून ठेवलेले निर्णय कोणते, हे सर्व द्यावे. दशांश स्थळांचा हव्यास धरू नये. अक्षांशाचा एक सेकंद (अंशाचा ३,६००वा भाग) म्हणजे सुमारे ३१ मीटर. भरती-ओहोटीने किनारा त्याहून कितीतरी जास्त सरकत असताना सेकंदापर्यंत स्थान छापणे फसवे ठरते. किनाऱ्याची अनिश्चितता ५ किलोमीटर असेल तर अंतरही ‘सुमारे २,५१०, अधिक-उणे ५’ असेच लिहावे. दुसरा सर्वोत्तम उमेदवार त्या मर्यादेत येत असल्यास त्याचे स्थानही त्याच ओळीत द्यावे, म्हणजे पुढे नवा किनारा-संच हाती आल्यावर शोध पुन्हा पहिल्यापासून न करता त्या दोन बिंदूंच्या परिसरात आणि बाद न झालेल्या चौकोनांत घेतला तरी पुरेल.